साडेसहा लाखांचे स्पीकर आणि एक वाळलेला कपॅसिटर

17 डिसेंबर 2023, रविवार. दादरहून पुण्याला येताना गाडीच्या मागच्या सीटवर दोन स्पीकर गोधड्यांत गुंडाळून, वर पट्टा लावून बसवले होते. खालापूरच्या टोलनाक्यावर हिने मागे वळून पाहिलं. "अहो, पोरांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सत्तरच्या वेगाने आणलं होतंत. आज साठ?" मी काही बोललो नाही, कारण खरं होतं.

स्पीकर युरोपातल्या एका नामांकित कंपनीचे, 2006 चे. स्टँडवर ठेवायचे, साडेसहा इंची कागदी कोनचा वूफर (खालच्या स्वरांचा) आणि एक इंची कापडी घुमटाचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा). मूळ मालकाकडे जुनं किंमतपत्रक होतं, त्यात जोडीची किंमत साडेसहा लाखांच्या जवळपास. मला 1 लाख 85 हजारांना मिळाले. पुढे काय काय झालं ते वाचलंत की कंपनीचं नाव का देत नाही ते कळेल. एखादी जोडी खराब निघाली म्हणून कंपनीला झोडपण्यात मला रस नाही, आणि शेवटी तर दोष कुणाचा याबद्दल माझं मतच फिरलं.

पहिले पंधरा दिवस नुसता आनंद. मग जानेवारीत एका रात्री हिच्या रियाजाचं ध्वनिमुद्रण लावलं. मीच घरी केलेलं, एका माइकवर, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच आलं पाहिजे आणि गाणारी बाई दोन्हींच्या बरोबर मधोमध बसलेली वाटली पाहिजे. ती बसली होती उजवीकडे. षड्ज मधोमध, पण तानपुऱ्याच्या जवारीतून जे बारीक झिणझिण स्वर सुटतात ते सगळे उजव्या भिंतीकडे. "माझा तानपुरा असा गोणपाटात घातल्यासारखा का वाजतोय?" हा तिचा शेरा. डाव्या स्पीकरवर अंगुलिनिर्देश झालेला होता.

आता इथे घाई करू नका. मी केली, आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेऊन 800 रुपये 'काही दोष नाही' हे ऐकण्यासाठी मोजले. त्याआधी फुकटात करायची गोष्ट म्हणजे अदलाबदल. आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी बदला. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर सुटला. मग स्पीकरच उचलून जागा बदला. दोष स्पीकरबरोबर गेला तर खोलीही सुटली. माझ्याकडे तो स्पीकरबरोबर गेला.

22 जानेवारीला कंपनीला ईमेल लिहिलं. उत्तर आलं 10 फेब्रुवारीला. मधल्या काळात तीन स्वयंचलित पोचपावत्या. उत्तराचा गोषवारा असा: हे मॉडेल बंद झालं आहे, सर्किटचा आराखडा ग्राहकांना दिला जात नाही, भारतातल्या अधिकृत वितरकामार्फत या. वितरकाला फोन केला तर वितरक मध्यंतरी बदललेला. नव्याने मूळ खरेदीची पावती मागितली, ती माझ्याकडे नव्हती आणि दादरच्या गृहस्थांनाही सापडेना. सिरियल नंबरचे फोटो पाठवले, दोनदा, कारण पहिल्यात शून्य की 'ओ' ते कळत नव्हतं. शेवटी भाव आला: नवे क्रॉसओव्हर बोर्ड (स्पीकरच्या आतलं, स्वरांची वाटणी करणारं सर्किट), जोडी, 780 युरो, वाहतूक आणि ड्युटी वेगळी, तीन ते चार महिने. त्या दिवशी युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. हिशेब करून मी लॅपटॉप मिटला.

शनिवारी, 17 फेब्रुवारीला डावा स्पीकर जेवणाच्या टेबलावर उताणा झोपवला आणि वूफरचे सहा स्क्रू काढले.

इथे एक सूचना, माझ्या नाही, पण माझ्या मित्राच्या अनुभवातून आलेली. वूफरच्या मागचा लोहचुंबक हातातली अ‍ॅलन की अशी खेचतो की ती थेट कोनमधून आरपार जाते. त्यामुळे आधी एक पुठ्ठा मधोमध गोल कापून वूफरवर ठेवा आणि प्रत्येक स्क्रू सुटला की अ‍ॅलन की लांब बशीत ठेवा. वूफर सहज निघत नाही. अठरा वर्षांत फोमची गॅस्केट चिकटून बसलेली असते. पोर्टमध्ये, म्हणजे खोक्याच्या हवेच्या भोकात, हात घालून आतून हळूच ढकलायचं, बाहेरून पेचकसाने उचकटायचं नाही.

आत पांढऱ्या कापसाच्या लाद्या, त्यामागे टर्मिनलच्या पाठीला स्क्रूंनी बसवलेला क्रॉसओव्हर. नशीब चांगलं. विल्सन ऑडिओसारख्या काही कंपन्या सगळा क्रॉसओव्हर राळेत ओतून बंद करतात, तिथे आपल्यासारख्याने हात जोडून परत फिरायचं.

क्रॉसओव्हरचं काम तसं वाटणीचं. अ‍ॅम्प्लिफायरकडून सगळे स्वर एकत्र येतात. खालचे वूफरला, वरचे ट्वीटरला द्यायचे. ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो, तो खालचे स्वर अडवतो. वूफरच्या वाटेवर तारेची कॉइल, ती वरचे अडवते. एवढंच असतं तर कुणीही केलं असतं. खरी गोम ही की अडवणं एका फटक्यात होत नाही, उतार असतो. एक भाग लावला तर दर सप्तकाला 6 डेसिबल, दोन लावले तर 12, तीन लावले तर 18. त्या उताराच्या टप्प्यात दोन्ही युनिटं एकाच वेळी एकच स्वर वाजवत असतात, आणि दोघांनी तो एकाच तालात वाजवला नाही तर स्वर वाढायच्या ऐवजी दोघं एकमेकांना खातात. माणसाच्या आवाजातली आणि पेटीतली सगळी धार नेमकी त्याच टप्प्यात.

बोर्डावर पाहिलं आणि डोकं फिरलं. वूफरला लोखंडी गाभ्याची कॉइल. सिमेंटचे पांढरे रेझिस्टर. आणि ट्वीटरच्या वाटेवर एक छोटी कॉइल आणि दोन कपॅसिटर, पहिला 5.6 मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) प्लास्टिक फिल्मचा, ठीक. दुसरा 18 मायक्रोफॅरडचा, साधा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक. आपल्या तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, साठ-सत्तर रुपयांना मिळतो तसला. साडेसहा लाखांची जोडी! मी आतल्या सगळ्या भागांचा बाजारभावाने हिशेब केला. दोन्ही क्रॉसओव्हर मिळून साडेतीन हजारांच्या वर जाईनात. खोक्यावरचं अक्रोडाचं विनियर त्याहून महाग असणार.

रागाच्या भरात उजवाही उघडला. तिथेही तेच भाग.

कपॅसिटर मोजायला 1,200 रुपयांचा छोटा टेस्टर घेतला, जो क्षमतेबरोबर ईएसआरही दाखवतो. ईएसआर म्हणजे कपॅसिटरच्या पोटात दडलेला रोध. इलेक्ट्रोलिटिकमध्ये आत ओलसर द्रव असतो, तो वर्षानुवर्षं वाळत जातो, क्षमता घटते आणि हा रोध वाढतो. मोजताना कपॅसिटरचा एक पाय बोर्डातून सोडवलाच पाहिजे, नाहीतर शेजारच्या कॉइलसकट भलतंच मोजलं जातं. उजव्याचा 18 चा कपॅसिटर निघाला 17.2, पोटातला रोध 0.6 ओहम. डाव्याचा 13.1, आणि रोध 2.9 ओहम. दादरची दमट हवा, आणि त्यांच्याकडे डावा स्पीकर खिडकीत होता, दुपारच्या उन्हात. तेच कारण असेल असं छातीठोक सांगत नाही.

म्हणजे रोग सापडला होता. दोन कपॅसिटर बदलले असते तर दोनशे रुपयांत आणि दोन तासांत काम आटपलं असतं. पण मी आता 'अपग्रेड'च्या रस्त्याला लागलो होतो. या नादातली मंडळी रात्री दीड वाजता मुंडॉर्फ, यांट्झन, डूलुंड या भाग बनवणाऱ्या कंपन्यांची नावं अशी घेतात जशी आमचे आजोबा घराण्यांची घ्यायचे. मीही बसलो. 4 मार्चला जर्मनीतल्या एका दुकानाला ऑर्डर दिली: 18 मायक्रोफॅरडचे पॉलिप्रॉपिलिन फिल्म कपॅसिटर दोन, 5.6 चे साधे फिल्म दोन, 1.8 मिलिहेन्रीच्या (हे कॉइलचं माप) हवेच्या गाभ्याच्या जाड कॉइल दोन, काही रेझिस्टर. आणि मोह आवरला नाही म्हणून 5.6 मायक्रोफॅरडची एक खास जोडी, जिच्या नावातच सोनं, चांदी आणि तेल आहे. सामान 312 युरो, त्यात ती एक जोडीच 190 ची. पाठवणावळ 41 युरो. रुपयांत साधारण 31,900.

पार्सल मुंबईत 8 तारखेला पोचलं आणि थांबलं.

पहिला अडथळा केवायसी. पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव. 'नावात तफावत.' पॅन अपलोड केलं, त्यावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. शेवटी एका पानावर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असं लिहून सही करून स्कॅन पाठवलं, ते चाललं. ऑर्डर देताना आधारवर आहे तसंच्या तसं नाव घाला, आठ दिवस वाचतील.

दुसरा अडथळा 13 मार्चच्या ईमेलने आला. कुरिअरच्या मंडळींनी विचारलं होतं की इनव्हॉइसमध्ये सोने, चांदी व तेल असा उल्लेख आहे, तरी त्यांचे वजन, शुद्धता आणि तेलाचा प्रकार कळवावा. मी तीनदा वाचलं. उत्तरात लिहिलं की हे कपॅसिटरचं व्यापारी नाव आहे, आत प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि ती तेलात भिजवलेली असते. दागिना नाही, इंधन नाही. सोबत कंपनीचं माहितीपत्रक. घरात मात्र पार्सल येईपर्यंत "तुमचं सोनं आलं का?" असं विचारलं जात होतं.

वाट पाहायच्या त्या दिवसांत एक शहाणपणाचं काम झालं. काहीही बदलण्याआधी स्पीकर आहेत तसे मोजून ठेवणं. मित्राकडून यूएसबीचा मोजणीचा माइक आणला, यूमिक-1. लॅपटॉपवर आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड हे ध्वनी मोजायचं सॉफ्टवेअर. मोफत आहे. जुने भाग परत टाकून दोन्ही स्पीकर गच्चीवर न्यायचे ठरवले, कारण खोलीत भिंतींचे पडसाद मिसळतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, लेखी अर्ज द्या. अर्जात मी प्रामाणिकपणे 'लाउडस्पीकरचे ध्वनिमापन' असं लिहिलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "लाउडस्पीकर म्हणजे पोलिसांची परवानगी लागेल ना?" मग 'लाउडस्पीकर' खोडून 'घरगुती संगीत उपकरण' केलं, वेळ सकाळी 6 नंतरची टाकली, आणि अर्ज मंजूर झाला. प्रत अजून जपून ठेवली आहे.

शनिवारी 9 मार्चला पहाटे स्पीकर आणि माइक दोन्ही 1.2 मीटर उंचीवर, मधे एक मीटर अंतर. आवाज माइकपर्यंत सरळ येतो आणि जमिनीवर आपटूनही येतो. या मांडणीत आपटून येणाऱ्याला 1.6 मीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे साधारण 4.7 मिलिसेकंद उशीर. सॉफ्टवेअरला सांगायचं की तेवढ्यापुरतंच ऐक, पुढचं कापून टाक. याची किंमत अशी की 215 हर्ट्झच्या खालचं काही विश्वासाने सांगता येत नाही, पण आपल्याला बघायचं ते त्याच्या बरंच वर आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका चहाचा कप घेऊन वर आले, तो 'व्हूऽऽप' आवाज चार वेळा ऐकला आणि म्हणाले, "हे कुठल्या रागात आहे?"

आलेखात डावा स्पीकर अडीच हजार हर्ट्झच्या वर सगळीकडे उजव्यापेक्षा 2 डेसिबल खाली. ट्वीटरचा रोध साधारण 6 ओहम, त्याच्याआधी 2.2 चा रेझिस्टर. त्यात कपॅसिटरच्या पोटातला 0.6 च्या जागी 2.9 आला की कागदावरही बरोबर 2 डेसिबलच येतात. कागद आणि गच्ची जुळली तेव्हा मला झालेला आनंद घरात कुणाला समजावून सांगता आला नाही.

आणखी एक मोजणी केली, जी पुढे फार उपयोगी पडली. उजव्या स्पीकरच्या ट्वीटरच्या दोन वायरी उलट जोडल्या. वूफर आणि ट्वीटर सांध्यापाशी, म्हणजे दोघांचे उतार जिथे भेटतात तिथे, एका तालात असतील, तर उलट जोडल्यावर ते एकमेकांना खोडतात आणि आलेखात विहिरीसारखा खोल खड्डा पडतो. जितका खोल, तितका ताल पक्का. ह्युलेट-पॅकार्डमधले अभियंते झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी 1976 मध्ये लेख लिहून मांडलेली रचना, जिला त्यांचे सहकारी रस रायली यांच्यासकट लिंकविट्झ-रायली म्हणतात, तिचं हेच मर्म: सांध्याच्या स्वरावर दोघंही 6 डेसिबल खाली आणि दोघंही एका तालात, म्हणजे बेरीज सपाट. माझ्या उजव्या स्पीकरमध्ये खड्डा 2,400 हर्ट्झवर, 22 डेसिबल खोल. साठ रुपयांचे भाग लावणाऱ्या त्या माणसाला आपण काय करतोय ते पक्कं माहीत होतं. हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

पार्सल धुळवडीनंतर, 28 मार्चला आलं. दारात 13,420 रुपये ड्युटी आणि 1,180 रुपये कुरिअरची हाताळणी, जीएसटी धरून. रोख घेत नव्हते, क्यूआर कोड चालत नव्हता, शेवटी लिंकवरून भरले. ड्युटीचा अंदाज आधीच काढून ठेवा. सामानाच्या किमतीवरच नाही, पाठवणावळीवरही लागते.

पाडव्याच्या आदल्या शनिवार-रविवारी काम काढलं. जुने भाग काढण्याआधी प्रत्येक कोनातून फोटो. सोल्डर 63/37 चं, ते 183 अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं. जाड तारांना 25 वॉटची गन पुरत नाही, 60 ची घ्या. नव्या कॉइल बघून मात्र मी चरकलो. जुनी लोखंडी कॉइल लिंबाएवढी होती. नवी हवेच्या गाभ्याची, तेवढ्याच 1.8 मिलिहेन्रीची, पण बशीएवढी रुंद आणि वजनाला पाऊण किलो. बोर्डावर मावेना. म्हणून खोक्याच्या तळाला प्लायवूडची पट्टी टाकून तीवर बसवली, आणि वायरी आखूड राहाव्यात म्हणून ट्वीटरची छोटी कॉइलही तिच्या शेजारीच, तशीच आडवी चिकटवली. दिसायला सुरेख. फोटो काढून मित्रांना पाठवले.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर सगळे जमले. हिने तेच ध्वनिमुद्रण लावलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एक मिनिट गप्प बसून ती म्हणाली, "दोन्ही सारखे झालेत. पण मी नाकात गातेय का?"

दोन दिवस मी 'भाग रुळायला वेळ लागतो' असं स्वतःला सांगितलं. या छंदात हे वाक्य फार कामाला येतं. तिसऱ्या दिवशी परत सेक्रेटरींकडे अर्ज.

13 एप्रिलच्या पहाटे गच्चीवर ट्वीटर उलटा जोडून मोजलं. 22 डेसिबलची ती विहीर आता 9 डेसिबलचं डबकं झाली होती. मी कपॅसिटर तपासले, रेझिस्टर तपासले, पोलॅरिटी (वायरींची सुलट-उलट जोडणी) तपासली, सगळं बरोबर. गच्चीवरच खोका उघडून बसलो. मग त्या दोन कॉइलकडे लक्ष गेलं. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकाच दिशेने, म्हणजे तो ट्रान्सफॉर्मरच झाला. वूफरच्या कॉइलमधले खालचे स्वर चुंबकीय क्षेत्रातून थेट ट्वीटरच्या वाटेवर उतरत होते, कपॅसिटरने अडवलेलं मागच्या दाराने आत. जुन्या बोर्डावर या दोन कॉइल दोन टोकांना होत्या आणि एक आडवी तर एक उभी. मला ती गबाळी मांडणी वाटली होती. फोटो काढले होते, पण बघितले नव्हते.

छोटी कॉइल सोडवली, उभी केली, 11 सेंटीमीटर लांब नेली. परत मोजलं. खड्डा 21 डेसिबल. माझ्या या प्रकरणातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिला लागला तो फेव्हिक्विकचा एक थेंब.

नाकातलं गेलं, पण तरीही काहीतरी टोचत होतं. आता दोन्हीकडून सारखं. पेटीचा भाता हलका, वरचे सूर जरा पुढे. आलेख शेजारी ठेवले तर ट्वीटरची बाजू आधीच्या चांगल्या उजव्या स्पीकरपेक्षा अर्धा डेसिबलहून जरा वर, आणि वूफरची थोडी खाली. मिळून 0.9 डेसिबलचा कल. नव्या फिल्म कपॅसिटरच्या पोटात रोध जवळजवळ नाहीच. पण मूळ रचनाकाराने इलेक्ट्रोलिटिकचा तो 0.6 ओहम हिशेबात धरूनच ट्वीटरची पातळी ठरवली होती. मी तो काढून टाकला, ट्वीटर चढला. आणि नव्या कॉइलमध्ये लोखंड नाही म्हणून तांब्याची तार लांब, तार लांब म्हणून रोध 0.42 ओहम, जुन्या लोखंडीचा 0.21 होता. वूफर तेवढा बसला. दोन्ही चुका एकाच दिशेने झुकलेल्या. 'चांगल्या' भागांनी रचना बिघडवली होती.

उपाय विनोदी होता. फिल्म कपॅसिटरच्या पुढे 0.56 ओहमचा रेझिस्टर लावला, तपकीर गल्लीतून, दहा रुपये. म्हणजे 20 युरो देऊन काढलेला रोध दहा रुपयांत परत विकत घेतला. आणि लोखंडी कॉइल? तिच्यावरचा आक्षेप असा की मोठ्या प्रवाहात लोखंड चुंबकीयदृष्ट्या भरून जातं आणि स्वर विद्रूप होतात. आक्षेप खरा आहे. पण मी आमच्या खोलीत जेवढ्या आवाजात ऐकतो, आणि त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजातही, विद्रूपता मोजून पाहिली. दोन कॉइलमध्ये वूफरच्या स्वतःच्या दोषांतून वर डोकं काढेल असा फरक सापडला नाही. म्हणून जुन्या लोखंडी कॉइल पुन्हा जागेवर गेल्या. पाऊण किलोची एक जर्मन कॉइल आता माझ्या टेबलावर लाइट बिलं दाबून ठेवते. दुसरीच्या वेटोळ्यात मुलगी पेनं उभी करते.

राहिलं सोनं-चांदी-तेल.

त्यासाठी क्रॉसओव्हर खोक्याबाहेर प्लायवूडवर मांडला, दोन्ही स्पीकरचा, आणि एका स्विचने 5.6 चा साधा किंवा खास कपॅसिटर निवडता येईल असं केलं. आधी चारही कपॅसिटर मोजले, त्यांच्यातला फरक एक टक्क्याच्या आत होता. हे केलं नाहीत तर तुम्ही दर्जातला नव्हे, नुसता क्षमतेतला फरक ऐकत बसता. मुलगी पडद्यामागे नाणं उडवून स्विच फिरवणार, मी नुसतं ऐकून चिठ्ठीवर लिहायचं. सोळा फेऱ्या. अंदाजपंचे लिहिलं तरी आठ बरोबर येतात, म्हणून मी आधीच ठरवलं होतं की बारा आले तर मानायचं. आले नऊ. हिचे सात. गंमत म्हणजे स्विच कुठे आहे ते दिसत असताना मला खास कपॅसिटर दर वेळी जास्त रेशमी ऐकू येत होता. शपथेवर. अजूनही येतो.

एका गोष्टीबद्दल मात्र माझा राग गेलेला नाही. ट्वीटरच्या ऐन वाटेवर वाळणारा भाग साडेसहा लाखांच्या वस्तूत नको होता. फिल्म कपॅसिटर दहा युरोंचा. तो लावून पुढे अर्ध्या ओहमचा रेझिस्टर टाकायची अक्कल त्या रचनाकाराकडे माझ्यापेक्षा शंभरपट होती. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा चिमुकला स्पीकर केला, त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक ट्वीटरची पातळी जुळवून घ्यायला कॉइलवर वेगवेगळे फाटे ठेवले होते. खोका बुटांच्या डब्याहून थोडा मोठा, आणि तरी एकेका नगाची एवढी फिकीर. तसं काही इथे असतं तर मी 780 युरोही दिले असते कदाचित.

एकूण खर्च विचाराल तर सामान आणि पाठवणावळ 31,900, ड्युटी व हाताळणी 14,600, टेस्टर 1,200, सोल्डर, गन आणि किरकोळ 2,300, अ‍ॅम्प्लिफायरची वाया गेलेली तपासणी 800. पन्नास हजार आठशे. यातलं खरोखर कामाचं, म्हणजे आज खोक्याच्या आत असलेलं आणि ऐकू येणारं, ड्युटी धरून चार हजारांच्या आत बसतं. खास कपॅसिटर आत आहेत. काढून टाकायचा धीर झाला नाही.

5 मे रोजी दोन्ही स्पीकर बंद केले. गॅस्केट नवी, फोमची पट्टी स्टेशनरीच्या दुकानातली. वूफरचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, हाताने, ड्रिलने नाही. लाकडातलं भोक एकदा सैल झालं की काडीपेटीच्या काड्या शोधत बसावं लागतं. बंद करण्याआधी प्रत्येक खोक्यात एक कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून मागच्या भिंतीला चिकटवला. त्यावर मी काढलेला सगळा आराखडा, प्रत्येक भागाचं मोजमाप, कॉइल कुठली उभी आणि कुठली आडवी, उलट्या ट्वीटरचा आलेख, तारीख. मराठीत लिहिला. मग ही म्हणाली, पुढचा मालक कोण असेल काय माहीत, म्हणून मागच्या बाजूला इंग्रजीतही.